डोकेबाजांची ठोकाठोकी!

वर्षानुवर्षं घोटलेलं फूटवर्क, मोजून-मापून मारलेले जॅब, जमिनीवरचे पेच... आणि एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या) पिंजऱ्यात अचानक हाच हुशार गडी 'ये, होऊन जाऊ दे!' म्हणत थेट हाणामारीला उभा राहतो. डोकं फिरलं का? छे हो! बऱ्याचदा डोकं चालवलेलं असतं. कसं? चला, फटाफट बघूया.

एका सेकंदाचा हिशेब

१३ एप्रिल २०२४, लास व्हेगास. एमएमएच्या लढती भरवणाऱ्या यूएफसी कंपनीचा कार्यक्रम, यूएफसी ३००. मॅक्स हॉलोवे गुणांवर पुढे होता. पाचव्या आणि शेवटच्या राउंडचे १० सेकंद उरल्याची खूण झाली, टक् टक्! नुसतं लांब राहिला असता तरी मॅच खिशात. पण पठ्ठ्याने पिंजऱ्याच्या मधोमध जमिनीकडे बोट दाखवलं : इथे ये, इथेच भिडू. प्रतिस्पर्धी जस्टिन गेची आला. दोघांनी सपासप हात चालवले, हॉलोवेचा उजवा ठोसा बसला आणि गेची तोंडावर कोसळला. राउंड ५ मिनिटांचा, नॉकआउटची वेळ ४:५९!

माहीत आहे का, हा तर ठोशांचा विक्रमवीर!

जानेवारी २०२१ मध्ये अबू धाबीला कॅल्व्हिन केटरविरुद्ध याच हॉलोवेने ४४५ प्रभावी फटके लगावले. यूएफसीच्या एका लढतीत इतके फटके त्याआधी कुणी मारले नव्हते. २५ मिनिटांत ४४५, म्हणजे साधारण साडेतीन सेकंदांना एक! त्यातही भाऊ समालोचकांकडे बघून बोलतोय आणि बोलता बोलता केटरचा ठोसा चुकवतोय. अशा माणसाला ठोशांचं अंतर शिकवायची गरज आहे का? गेचीचं नाकसुद्धा त्याने पहिल्याच राउंडमध्ये गिरकी मारून घातलेल्या लाथेने फोडलं होतं. शेवटच्या १० सेकंदांचा जुगार त्याने जवळजवळ पंचवीस मिनिटांच्या अभ्यासावर खेळला.

आणि हो, ते बोट दाखवणंही नवं नव्हतं. जून २०१६ मध्ये रिकार्डो लामासलाही त्याने असंच आवताण दिलं होतं!

दाम करी काम

उत्कृष्ट लढतीचा बोनस बरीच वर्षं ५० हजार डॉलर होता. यूएफसी ३०० साठी तो थेट ३ लाखांवर गेला. हॉलोवेला 'फाइट ऑफ द नाइट' आणि नॉकआउट, दोन्हींचे बोनस मिळाले. एकूण ६ लाख डॉलर! मानधन वेगळं. सुरक्षित विजयाला टाळ्या मिळतात, थरारक विजयाला टाळ्या आणि चेक!

इनाम एक, मानकरी दोन

९ एप्रिल २००५. 'द अल्टिमेट फायटर' या यूएफसीच्या टीव्ही शोच्या पहिल्या पर्वाची फायनल. जिंकेल त्याला यूएफसीचा करार. फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बोनर, दोघेही रीतसर शिकलेले. पण तीन राउंड असे भिडले की टीव्हीसमोरून कुणी हललं नाही. पंचांनी ग्रिफिनला विजयी केलं आणि यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी करार दिला... दोघांनाही! २००८ मध्ये ग्रिफिन लाइट हेवीवेट चॅम्पियन झाला. २०१३ मध्ये दोघे यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये.

अकाउंट्स आणि आडवे हात

डोक्यावर टॅटू, वर तुरा, हातात दणका. चक लिडेल! माहीत आहे का, हे साहेब अकाउंटिंगचे पदवीधर आहेत? कॉलेजात कुस्तीही खेळले. पण कुस्तीचा वापर केला उलटा. समोरचा पायात शिरला की पाय मागे फेकून त्याला रोखायचं, उभंच राहायचं आणि मग हाणायचं. या शैलीचं नावच 'स्प्रॉल अँड ब्रॉल'. वर दिसते ती मारामारी, खाली उभी असते कुस्ती!

गेचीही त्याच वाटेचा. २०१० मध्ये अमेरिकन कॉलेज कुस्तीत 'ऑल-अमेरिकन'चा मान मिळवलेला हा मल्ल पिंजऱ्यात टेकडाउनच्या, म्हणजे समोरच्याला खाली पाडण्याच्या, वाटेला फारसा जातच नाही.

छोटा ग्लोव्ह, मोठा धमाका

एमएमएचा ग्लोव्ह साधारण ४ औंसांचा, बॉक्सिंगचा ८ ते १० औंसांचा. ग्लोव्ह लहान म्हणजे हातांच्या आडोशाला फटी जास्त. एक ठोसा आत शिरला की खेळ खलास. म्हणून गुणांवर मागे पडलेल्याला खुली ठोकाठोकी फायद्याची. पंच वाचवणार नाहीत, ठोसा वाचवू शकतो. गेची मधोमध आला तो याच हिशेबाने.

पण नुसतं अंगावर धावून जाण्याला मार्क किती? नियमांनुसार आधी मोजायचे ते परिणामकारक फटके आणि पेच. त्यात बरोबरी असेल तरच आक्रमकतेकडे बघायचं!

'झोम्बी'ला आली जाग

कोरियाचा जंग चान-सुंग, टोपणनाव 'कोरियन झोम्बी'. एप्रिल २०१० मध्ये लेनर्ड गार्सियाशी त्याची धमाल मारामारी झाली. लोक वेडे झाले, निकाल मात्र विरोधात गेला. मार्च २०११ मध्ये पुन्हा गार्सिया. या वेळी भाऊंनी पाठीला पीळ देणारा 'ट्विस्टर' टाकला, यूएफसीच्या इतिहासातला पहिला! लढत संपली तेव्हा दुसऱ्या राउंडची वेळ किती असेल? ४:५९! मारामारी आणि पेच, दोन्ही भाषा येणाऱ्याला कुठली कधी बोलायची, हे कळावं लागतं.

सायतामाची दोन टोकं

जपानचं सायतामा सुपर अरीना, जून २००२. डॉन फ्राय आणि योशिहिरो ताकायामा यांनी डाव्या हाताने एकमेकांचं डोकं धरलं आणि उजव्याने धडाधड सुरू! फ्राय हा कॉलेजातला कुस्तीगीर, पण त्या दिवशी बचाव कुणालाच आठवला नाही. फ्राय जिंकला, लढत अजरामर.

त्याच सभागृहात मार्च २०१३. वांडरले सिल्वा म्हणजे हाणामारीचा बादशहा. त्याच्यासमोर माजी मरीन अधिकारी ब्रायन स्टॅन. शिस्तीचा माणूस, पण पहिल्याच राउंडला सिल्वाच्या तालावर नाचला. दुसऱ्यात स्टॅन नॉकआउट. लढत जबरदस्त गाजली. स्टॅनची मात्र ती अखेरची ठरली, काही महिन्यांत त्याने निवृत्ती घेतली. डोक्यावर बसलेला प्रत्येक ठोसा शरीर वहीत मांडून ठेवतं आणि ती उधारी माफ होत नाही. म्हणूनच मोजूनमापून भिडणाऱ्याला आमचा कडक सलाम, आणि भान सुटलेल्याची मनापासून काळजी!

पुढची फाइट बघताना

तीन गोष्टी टिपा. हाणामारीतही पाय जागेवर आहेत का? हनुवटी खाली दबलेली आहे का? आणि गुणांवर पुढे कोण? पाय आणि हनुवटी शाबूत असतील तर समजा, हा डाव आहे. दोन्ही सुटलं असेल, तर तंत्रवाल्याला समोरच्याने आपल्या खेळात ओढलंय. आता पैज लावा मित्रांशी, आणि जिंकलात तर वडापाव आमच्या नावाने खा!