हॅलोविनचा खाऊ: भुताला डोळे मुलांनाच पाडू द्या

कोणी लोकलमध्ये उभं राहून ऐकत असेल, कोणी भांडी घासताना, कोणी रात्री अंथरुणात फोन छातीवर ठेवून. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्यातलं ‘म्हणजे काय की’ थोडं कमी केलंय, बाकी तसंच आहे.

आजचा विषय आहे हॅलोविनचा खाऊ. तोसुद्धा मुलांसाठी केलेला नाही, मुलांबरोबर केलेला. या दोन्हींत फरक आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकाबद्दलच आहे.

मी न्यू जर्सीत राहते. ताई त्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली. तिची मुलगी, माझी भाची, साडेचार वर्षांची आहे. ३१ ऑक्टोबरला दुपारी ती आणि बिल्डिंगमधली पाच-सहा मुलं माझ्याकडे असतात. इथे त्या सुमाराला सहाच्या आसपास अंधार पडतो. मग मुलं वेगवेगळी सोंगं घेऊन घरोघर चॉकलेटं गोळा करायला निघतात. त्यांच्या पोटात आधी काहीतरी खरं अन्न जावं, हा माझा साधा हेतू. रिकाम्या पोटी निघालेली मुलं आठ वाजेपर्यंत नुसत्या साखरेवर चालतात, आणि नऊ वाजता काय होतं ते त्यांच्या आईवडिलांना विचारा.

आधी थोडं मागचं सांगते, कारण मुलं विचारतातच. हॅलोविनची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या ‘साविन’ या जुन्या सणात सापडतात. सुगी संपली, हिवाळा आला, आणि त्या रात्री मेलेल्यांचं जग आपल्या जगाच्या अगदी जवळ येतं, अशी समजूत. आपल्याकडच्या सर्वपित्रीची आठवण येते ना? तिथे पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. तिथली माणसं अमेरिकेत आली तेव्हा त्यांना भोपळा मिळाला. मोठा आणि कोरायला कितीतरी सोपा. सलगम एकदा कोरून बघा, मनगट दुखून येतं.

आणि खाण्यातला खेळसुद्धा आजचा नाही. आयर्लंडमध्ये हॅलोविनला बार्मब्रॅक नावाचा मनुकांचा पाव करतात, त्यात अंगठी लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती येईल त्याचं लग्न लवकर होणार! पाण्यात तरंगणारी सफरचंदं हात न लावता दातांनी उचलायची, हाही तिथलाच खेळ. सांगायचा मुद्दा, या सणात खाऊने थोडी गंमत करावी, फसवावं, हे जुनंच आहे.

आता स्वयंपाकघरात येऊ. फोनवर हॅलोविनच्या खाऊचे फोटो बघितले असतील तुम्ही. प्रत्येक कोळ्याचे आठही पाय सारख्या लांबीचे, प्रत्येक भूत एकाच मापाचं. हे मोठ्यांनी रात्री बसून केलेलं काम असतं. मुलांच्या वाट्याला येतं फक्त ‘हात लावू नकोस, मोडेल’. मी वाटणी सरळ करते: सुरी आणि गॅस माझा, चेहरा मुलांचा. मुलाने भुताचा एक डोळा कपाळावर आणि एक हनुवटीवर पाडला तर ते भूत जास्तच चांगलं दिसतं. करंजीची कड बिघडली की आपल्याला वाईट वाटतं, लाडू वाकडा झाला की तो डब्यात खाली जातो. हॅलोविनला मात्र जितकं वाकडं तितकं खरं. चार वर्षांच्या हातांना इतकी सवलत देणारा दुसरा सण मला तरी माहीत नाही.

माझा सगळ्यात आवडता पदार्थ म्हणजे घावनाची भुतं. हो, आपलं कोकणातलं तांदळाचं घावन. पांढरं, पातळ, कडेला फाटकं, आपोआप जाळी पडलेलं. भूत व्हायला आणखी काय लागतं? एक वाटी तांदळाचं पीठ, सव्वादोन ते अडीच वाट्या पाणी, चवीला मीठ. पीठ ताकासारखं पातळ हवं. दर वेळी तळापासून ढवळायचं, कारण तांदूळ खाली बसतो. तवा चांगला तापला की तेलाचं बोट फिरवून पीठ बाहेरून आत ओतायचं, झाकण ठेवायचं, कडा सुटल्या की काढायचं. उलटायचं नाही. हे सगळं मोठ्यांचं काम, मुलं तव्यापासून लांब टेबलावर.

तिथे प्रत्येकासमोर एक छोटी वाटी पालथी ठेवलेली असते. थोडं कोमट झालेलं घावन त्या वाटीवर चादरीसारखं टाकायचं. झालं भूत. मग जाड स्ट्रॉ द्यायची, बबल टीची असते तसली. ती दाबली की गोल भोक पडतं, तो डोळा. डोळे किती आणि कुठे, तो ज्याचा त्याचा प्रश्न. गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या भुताला पाच डोळे होते आणि तोंड नव्हतं. ‘मावशी, ते बोलत नाही, फक्त बघतं,’ असं तिने गंभीरपणे सांगितलं.

बार्मब्रॅकची गंमत मी इथे वापरते. मुलं हात धुवायला गेली की वाट्यांखाली काहीतरी लपवून ठेवते: बटाट्याच्या भाजीचा गोळा, पनीरचे तुकडे, सफरचंदाच्या पातळ फोडी. भूत उचललं की खजिना. लपवायचं ते खायचंच असावं. अंगठी, नाणं, छोटं खेळणं असलं काही लहान मुलांच्या ताटात नको.

भाचीचं आणखी एक सांगायचंय. कोपऱ्यावरच्या घराबाहेर दर ऑक्टोबरला हवा भरलेला एक मोठा सांगाडा उभा असतो. त्याच्या समोरून जायला ती रडायची, ताईला लांबच्या रस्त्याने जावं लागायचं. भुताला स्वतः डोळे पाडून मग त्याचं डोकं आधी खाल्ल्यावर तिने त्या सांगाड्याला रस्त्यावरून ओरडून विचारलं, ‘तुला खाऊ का?’ भीती गेली असं मी म्हणणार नाही. ताईचा हात तिने घट्टच धरला होता. पण त्या दिवशी रस्ता बदलावा लागला नाही.

बाकीचे पदार्थ भराभर सांगते. सोललेल्या छोट्या संत्र्याच्या वर काकडीच्या सालीचा हिरवा तुकडा खोचला की भोपळा. अर्धं केळं उभं केलं, लिंबाचा रस पुसला म्हणजे काळं पडत नाही, दोन मनुका दाबल्या की आणखी एक भूत. पावाच्या स्लाइसवर टोमॅटो सॉस, त्यावर चीजच्या पट्ट्या आडव्यातिडव्या, ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं: झाली ममी. पट्ट्या लावायचं काम दोन-तीन वर्षांचं मूलसुद्धा करतं.

आणि चेटकिणीचं सरबत! वाळवलेली गोकर्णाची फुलं, कपभर गरम पाण्याला आठ-दहा. पाच मिनिटांत पाणी गर्द निळं. गार करून साखर घालायची, पेले भरायचे, आणि प्रत्येक मुलाच्या हातात लिंबाच्या रसाचा चमचा द्यायचा. रस पडताच निळं जांभळं होतं, आणखी रस घातला की गुलाबीकडे झुकतं. फुलातल्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचं हे काम, आंबटपणा बदलला की ते रंग बदलतं. मुलं ‘मंत्र’ म्हणतात ते वेगळंच. वाफा निघाव्यात म्हणून सरबतात कोरडा बर्फ घालतात तो मात्र मुलांच्या घोळक्यात आणूच नका. तो उणे ७८ अंशांचा असतो, हाताला लागला तरी इजा, पोटात गेला तर विचारूच नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा भाग करायला घेतला तिच्याकडे येते.

आमच्या मजल्यावरच्या एका पाच वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, साधी खाज येण्यातली नाही, दवाखाना गाठावा लागेल अशी. प्रत्येक वाढदिवसाला तो स्वतःचा डबा घेऊन येतो. सगळे केक खात असतात तेव्हा तो डब्यातली बिस्किटं खातो, आणि मोठी माणसं त्याला ‘किती शहाणा’ म्हणतात. शहाणा आहेच तो. पण पाच वर्षांच्या मुलाला सारखं शहाणं राहायला लावणं मला बरं वाटत नाही.

आणि आपलं मराठी स्वयंपाकघर म्हणजे? भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, खिचडीत कूट. चटणी केलेलं मिक्सरचं भांडं, तोच चमचा, तेच पुसायचं फडकं. म्हणून त्याच्यासाठी वेगळी बशी न करता मी अख्ख्या टेबलावरूनच शेंगदाणा काढला. त्या दिवसासाठी मिक्सर बंद. तांदळाच्या पिठाचं नवं पाकीट, कारण घरच्या डब्यात कुठला चमचा कधी गेला असेल सांगता येत नाही. ओटा, तवा, वाट्या साबणाने घासलेल्या. मुलांचे हातही साबण-पाण्यानेच, कारण सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही. सगळी पाकिटं मी टाकून न देता ओट्यावर मांडून ठेवते, त्याची आई येऊन स्वतः वाचते. आणि त्याचं इंजेक्शन कुठल्या पिशवीत आहे, ते कसं द्यायचं, हे पहिलं भूत करायच्या आधी मी तिच्याकडून समजून घेते.

पाकिटं वाचण्याबद्दल दोन गोष्टी. अमेरिकेत नऊ ॲलर्जीकारक पदार्थ पाकिटावर लिहावेच लागतात: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जीव, बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. पण ‘यात अमुक अंश असू शकतो’ ही सूचना कंपनीच्या मर्जीवर असते. ती नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. दुसरं म्हणजे हॅलोविनची ती छोटी-छोटी चॉकलेटं: त्यांतले घटक मोठ्या पाकिटापेक्षा वेगळे असू शकतात, म्हणून तीही नव्याने वाचायची.

‘राक्षसाचं तोंड’ हा इथला सगळ्यात लाडका खाऊ. सफरचंदाच्या दोन फोडी म्हणजे ओठ, मध्ये पीनट बटर, आणि मार्शमेलोचे दात. यात दोन अडचणी. शेंगदाणा तर आलाच, शिवाय बहुतेक मार्शमेलोत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांची हाडं-कातडी. आपल्या कितीतरी शाकाहारी घरांना हे ठाऊकच नसतं. गमीच्या अळ्यांचंही तेच. पेक्टिनवाल्या मिळतात, शोधून घ्या. मी सूर्यफुलाच्या बियांचं बटर घेते, आणि दातांना भोपळ्याच्या सोललेल्या बिया. त्या हिरव्या असतात. राक्षसाचे किडके दात असेच दिसणार ना! हेच बटर खाण्याचा सोडा घालून बिस्किटांत वापरलं तर बिस्किटं आतून हिरवी होतात. बियांतलं क्लोरोजेनिक ॲसिड आणि सोडा यांची ती करामत. बिघडलेली नसतात, बिनधास्त खा, आणि हॅलोविनला तर तोरा मिरवा.

तिसरी काळजी, घशात अडकण्याची. चार वर्षांच्या आतलं मूल टेबलावर असेल तर अख्खी द्राक्षं नकोत, उभी चिरून चार तुकडे करा. मार्शमेलो, पॉपकॉर्न, अख्खे दाणे, साखरेचे कडक डोळे नकोत. बियांचे दातही त्यांच्यासाठी नकोत, त्यांचा राक्षस बोळका. टूथपिक तर कुणालाच नको. आणि खाताना बसून खायचं, चेटकिणीचा झाडू घेऊन पळत नाही.

दारात निळसर हिरवा भोपळा दिसला तर त्याचा अर्थ माहीत असू दे: या घरी खाण्याऐवजी छोटी खेळणी, स्टिकर, पेन्सिली मिळतील. टेनेसीतल्या पालकांच्या एका गटाने सुरू केलेली ही कल्पना २०१४ मध्ये ‘फेअर’ या ॲलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने देशभर नेली. मी एक भोपळा रंगवून ठेवते. पन्नास पेन्सिलींचा खर्च फार नाही.

कोरलेल्या भोपळ्याचं काय करायचं, हेही विचारलं जातं. कोरायचे भोपळे पाणचट आणि रेषाळ असतात, घारग्यांना मजा नाही. घारग्यांसाठी छोटा गोड भोपळा वेगळा आणा. पण कोरलेल्याच्या बिया टाकू नका. धुवा, कोरड्या करा, तेल-मीठ लावून मंद ओव्हनमध्ये कुरकुरीत होईपर्यंत भाजा. तसा भोपळा आपल्या मुलांना भीतीदायक वाटायचं कारणच नाही. आपल्या गोष्टीत म्हातारी त्यातूनच वाघाला चुकवून घरी जाते. मी ती गोष्ट सांगितली तेव्हा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला तो मुलगा म्हणाला, ‘मग भोपळ्यात ती खात काय होती?’ आणि दुसरं घावन मागितलं. डबा त्या दिवशी त्याने उघडलाच नाही.

चला, थांबते. गोकर्णाची फुलं मागवायची राहिलीत. पुढच्या भागात भेटू!