फाट्यावरचा अपघात आणि चुकीची टक्केवारी

नागझिऱ्याभोवतीच्या गावांमध्ये ‘भरपाई’ हा शब्द वन विभागाच्या अंगाने रुजला आहे. वाघाने गाय मारली, रानडुकरांनी धान तुडवले की पंचनामा होतो, अर्ज जातो, पैसे येतात. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य शासन वारसांना 25 लाख रुपये देते. चूक वाघाची की माणसाची, हा प्रश्न तिथे सहसा उद्भवत नाही. तोच माणूस कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकखाली आला, तर मात्र सगळे प्रकरण त्या एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते.

गोंदिया-कोहमारा रस्ता जंगलाला खेटून जातो आणि कोहमाऱ्याला मुंबई-कोलकाता महामार्गाला मिळतो. ऑगस्ट 2023मध्ये याच रस्त्यावर मुरदोलीजवळ मोटारीच्या धडकेने वाघ मेला, त्याची बातमी देशभर झाली. 29 नोव्हेंबर 2024 रोजी सडक अर्जुनी तालुक्यात याच रस्त्यावर भंडाऱ्याहून गोंदियाला निघालेली शिवशाही बस उलटून 11 प्रवासी ठार झाले. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी 10 लाख रुपये जाहीर केले. अशी रक्कम म्हणजे सानुग्रह साहाय्य. कायद्याने मिळणारी भरपाई वेगळी. ती मोटार वाहन अधिनियम, 1988खाली मागावी लागते आणि शासनाने काही दिले म्हणून तो हक्क संपत नाही. पुष्कळ कुटुंबे पहिला धनादेश हाती पडला की प्रकरण मिटले असे समजतात.

आता फाट्याचे पाहू. समोरासमोरच्या धडकेत कोण आपली बाजू सोडून आला, एवढे तरी विचारता येते. फाट्यावर दोघेही आपापल्या बाजूने बरोबर असतात. नियम असा की, लहान रस्त्यावरून येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला वाट द्यायची आणि रस्ते बरोबरीचे असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. पण फाटा जवळ आला की वेग कमी करायचा, हा नियम मुख्य रस्त्यावरच्या वाहनालाही लागू आहे. म्हणजे गावाच्या रस्त्याने न थांबता महामार्गावर आलेला दुचाकीस्वार चुकला आणि भरधाव आलेला ट्रकही चुकला. मग न्यायाधिकरण चुकीची वाटणी टक्क्यांत करते.

या टक्क्यांची किंमत आकड्यांत पाहिली म्हणजे कळते. समजा, 35 वर्षांचा मिस्त्री, महिना 9,000 रुपये कमावणारा, घरी बायको, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांनी हिशेबाची रीत घालून दिली आहे. स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर पुढे वाढणाऱ्या कमाईसाठी 40 टक्के मिळवायचे: 12,600. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: 9,450. वर्षाचे 1,13,400. या वयाचा गुणक 16, म्हणून 18,14,400 रुपये. अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरेंच्या ठरावीक रकमा वेगळ्या. आता या मिस्त्रीची चूक 25 टक्के ठरली, तर एवढ्यातूनच 4,53,600 रुपये कमी होतात. 50 टक्के ठरली तर निम्मे गेले. सगळीच चूक त्याची ठरली, तर कलम 166खाली हाती काही येत नाही.

आणि ही टक्केवारी ज्या कागदावरून काढायची तो घटनास्थळाचा पंचनामा होतो तेव्हा मृताचे नातेवाईक रुग्णालयात किंवा शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर असतात. जिवंत उरलेला चालक आपली हकिगत सांगतो. मेलेला सांगू शकत नाही. कधीकधी गुन्हाही मृतावरच नोंदला जातो. हे पाहून घरचे हातपाय गाळतात. ते चुकीचे आहे, कारण न्यायाधिकरण पोलिसांच्या निष्कर्षाला बांधलेले नाही. बिमला देवी (2009) निकालात न्यायालयाने म्हटले, या दाव्यांत फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहायचे. जिजू कुरुविला (2013) प्रकरणात, अपघातानंतर वाहने कुठे पडली होती एवढ्यावरून मृताच्या माथी चूक मारता येणार नाही, असे ठरले. मात्र पंचनाम्याला उत्तर म्हणून काही तरी ठेवावे लागतेच: प्रत्यक्ष पाहणारा चहावाला, चाकांच्या खुणांचे फोटो, पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यातले चित्रण. हे चित्रण थोड्या दिवसांत पुसले जाते. तेराव्यानंतर बघू म्हणणाऱ्याला ते मिळेलच असे नाही.

दुचाकीवर डबलसीट बसलेल्याची, जीपमधल्या किंवा बसमधल्या प्रवाशाची गोष्ट निराळी. त्याच्या हातात हँडल नव्हते. दोन्ही चालकांची चूक असली तरी त्याच्या रकमेतून काही कापत नाहीत. खेन्येई (2015) निकालाप्रमाणे तो दोघांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, आपसांतला हिशेब त्यांनी मागाहून पाहावा. आपल्याकडे दुचाकीवर तिघे बसतात. तेवढ्यावरूनही भरपाई कापता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावे लागते (मोहम्मद सिद्दिकी, 2020).

2019च्या दुरुस्तीतले नवे कलम 164 चुकीचा प्रश्नच काढत नाही: मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. गरजू घराला हे मोहवते. पण विमा कंपनीशी तडजोडीत ही रक्कम स्वीकारली की 166खालचा दावा संपतो. वरच्या मिस्त्रीची निम्मी चूक धरली तरी 9 लाखांहून अधिक निघतात. सही करण्याआधी हा गुणाकार कागदाच्या मागच्या बाजूला करून पाहावा, एवढेच माझे म्हणणे.

मुदतीचीही एक कथा आहे. 1988च्या मूळ कायद्यात दाव्याला कालमर्यादा होती, 1994मध्ये ती काढली आणि 1 एप्रिल 2022पासून सहा महिन्यांची मर्यादा परत आली. तिला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

ठोकून पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात. त्यासाठी न्यायालयात जायचे नसते. अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे करायचा.

धान कापून झाले की या भागातली माणसे कामासाठी नागपूर, रायपूर, हैदराबादकडे जातात. तिकडच्या चौकात अपघात झाला तर दावा तिकडेच लावावा लागतो, असा समज आहे. तसे नाही. दावा करणारा जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणाकडेही तो दाखल करता येतो. म्हणजे हैदराबादेत गेलेल्या माणसाच्या बायकोला गोंदियाच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. निकाल लागल्यावर अल्पवयीन मुलांचा वाटा बहुधा त्यांच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवला जातो, 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत.