‘प्रिनिया’ : एका पक्षिवंशाचे नाव

प्राणिशास्त्रातील नाव हे वर्णन नसून निर्देश होय. नावाचा अर्थ लोपला, किंवा त्याची व्युत्पत्ती मुळातच सदोष असली, तरी त्याचे कार्य अबाधित राहते. मराठीत ज्यांना ‘वटवट्या’ म्हणतात, अशा अनेक लहान पक्ष्यांचा ‘प्रिनिया’ हा वंश या दृष्टीने विचारणीय आहे.

टॉमस हॉर्सफील्ड याने १८२१ मध्ये जावा बेटावरील पक्ष्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. तेथील एका पक्ष्याच्या ‘प्रिन्या’ या जावानीज नावास लॅटिन वळण देऊन त्याने वंशनाम सिद्ध केले. ‘प्रिनिया फॅमिलिआरिस’ ही त्या वंशाची नमुनाजाती होय. एका जातीचे लोकनाम याप्रमाणे संपूर्ण वंशाचे वाचक झाले. पुढे १८३२ मध्ये कर्नल साइक्स याने दख्खनच्या पक्ष्यांच्या सूचीत ‘प्रिनिया सोशिॲलिस’ (राखी वटवट्या) आणि ‘प्रिनिया इनॉर्नाटा’ (साधा वटवट्या) यांची वर्णने दिली. ‘इनॉर्नाटा’ हे विशेषण स्त्रीलिंगी आहे. जावानीज शब्दास लॅटिनच्या लिंगव्यवस्थेत स्थान मिळाल्याचे ते निदर्शक होय.

वंशनाम नमुनाजातीशी बांधलेले असते. वंशाच्या मर्यादा मात्र बदलतात. सिंधूखोऱ्यातील बोरूच्या बेटांत राहणारी ‘बर्नेसी’ ही जाती दीर्घकाळ ‘प्रिनिया’त गणली जात असे. एकविसाव्या शतकातील रेणवीय अभ्यासाने तिचे नाते निराळ्या कुलाशी असल्याचे दाखविले, आणि ब्लाइथने १८४५ मध्ये योजलेले ‘लॅटिसिला’ हे नाव पुन्हा प्रचारात आले. ‘रुंद शेपटीचा’ असा त्याचा अभिप्रेत अर्थ. परंतु लॅटिनमध्ये ‘सिला’ म्हणजे शेपटी नव्हे. धोबी पक्ष्याच्या ‘मोटासिला’ या नावाचा ‘शेपटी हलविणारा’ असा चुकीचा विग्रह झाल्यामुळे हा अर्थ रूढ झाला. व्युत्पत्ती सदोष ठरली, तरी नाव वैधच राहिले.

‘वटवट्या’ची घडण याहून भिन्न आहे. ‘वटवट’ या ध्वन्यनुकारी शब्दापासून ते बनले असून, आवाज व आकार यांच्या साम्यामुळे इतर वंशांतील पक्ष्यांनाही ते लावले जाते. लोकनामाचा आधार प्रत्यक्ष अनुभव, तर वंशनामाचा आधार आनुवंशिक नाते. म्हणून कोशात ‘प्रिनिया’ व ‘वटवट्या’ यांना पर्याय मानणे योग्य नव्हे. तसे केल्यास वर्गीकरणातील प्रत्येक फेरबदलाबरोबर निर्दोष मराठी शब्दही चुकीचा ठरेल. वंशनाम लिप्यंतर करून घ्यावे आणि लोकनाम त्याच्या स्वतःच्या व्याप्तीसह नोंदवावे, हेच शास्त्रास व भाषेस हितावह होय.