चार चुडांच्या मधोमध एक गोळी

चिपळूणला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा पावसात खाचरात युरिया फोकून दिला तर तो जातो कुठे? थोडा बांधावरून खालच्या खाचरात, तिथून वहाळात आणि वहाळातून वाशिष्ठीत. थोडा अमोनिया होऊन हवेत उडतो. काहीचं नायट्रेट होतं, आणि चिखलातले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. भाताच्या वाट्याला जेमतेम तिसरा हिस्सा!

या गळतीवर डॉ. नारायण सावंत यांनी शोधलेला उपाय म्हणजे ‘चारसूत्री’ भातशेती. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, खाचरात गिरिपुष्पाचा पाला, मोजून केलेली लावणी आणि युरिया-डीएपीची दाबून केलेली गोळी, म्हणजे ब्रिकेट. राखेतून रोपाला सिलिका मिळते आणि रोप दणकट होतं. पाल्याचं वेगळं सांगायला नको. खरी गंमत आहे ती उरलेल्या दोन सूत्रांच्या जोडीत.

लावणीच्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा आलटून पालटून असतात. त्यामुळे चार-चार चुडांचे छोटे चौकोन तयार होतात आणि मध्ये चालायला वाट राहते. लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध पावणेतीन ग्रॅमची एक गोळी बोटांनी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. चौकोन आणि त्याच्या वाटणीची वाट धरली तर ४० बाय ४० सेंटिमीटर जागा होते. म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या, गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास. वजनात हेक्टरी जेमतेम १७० किलो.

पण खोल कशासाठी? पाणी साचलेल्या चिखलात प्राणवायू असतो तो फक्त वरच्या काही मिलिमीटरांत. त्याखाली नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. तिथे अमोनियम मातीच्या कणांना चिकटून राहतं आणि मुळं हळूहळू त्याच्यापर्यंत पोचतात. बोटभर खोलीवर रसायनशास्त्राचा कायदाच बदलतो, हे मला अजूनही थक्क करतं.

आता ही पद्धत खरंच फायद्याची आहे का, ते ठरवायचं कसं? शेजाऱ्याच्या खाचराशी तुलना करून नाही. त्याची जमीन पाणथळ असेल, तुमची उतारावरची कुरयाट. वाणांचंही तसंच: कर्जत-३ हळवा, म्हणजे लवकर पिकणारा; रत्नागिरी-३ गरवा, म्हणजे उशिरा. उताराच्या खाचरात पाऊस लवकर ओसरला की गरवा वाण पोटरीतच अडकतो, मग दापोलीच्या विद्यापीठात त्याने कितीही उतारा दिलेला असो. म्हणून एकाच खाचराचे तुकडे पाडायचे, कुठल्या तुकड्यात काय लावायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि हा जोडीचा खेळ चार-पाच जागी करायचा. नाहीतर मोरीजवळच्या कसदार कोपऱ्याचं श्रेय आपण गोळीला देऊन बसतो. चिठ्ठ्यांमागच्या या गणिताचं भारतीय शेतीतलं पाठ्यपुस्तक संख्याशास्त्रज्ञ पानसे आणि साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ साली लिहिलं.

कापणीनंतर भात वाळवून मगच तोलायचं. ओल्या दाण्यात पाण्याचंच वजन जास्त भरतं. आणि वहीत एक रकाना मजुरीचा हवाच: गुंठ्यामागे सव्वासहाशे वेळा वाकणारी कंबर बहुतेक वेळा बाईची असते, आणि लावणीच्या दिवसांत तशी माणसं मिळणंच कठीण.