कूलर राहू द्या, पंप बंद करा

मोसमी पाऊस विदर्भात पोहोचला, तरी नागपुरातल्या खिडक्यांवरचे कूलर जागचे हललेले नाहीत. पाऊस दोन दिवस दडी मारतो, गदमदायला लागतं आणि घरोघरी पंप पुन्हा सुरू होतात. माझं भांडण कूलरशी नाही, त्या पंपाशी आहे.

मे महिन्यात हेच यंत्र कमाल करतं. दुपारी पारा ४४ अंशांवर, सापेक्ष आर्द्रता जेमतेम १५ टक्के. इतकी कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढली की पाणी भराभर उडतं आणि हवेतली उष्णता शोषून घेतं. या हवेत बुडाला ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक २३ अंश दाखवतो. कूलरच्या गारव्याची हीच सीमा. चांगला कूलर २७-२८ पर्यंत तरी येतो. शिवाय खोलीतली आर्द्रता पन्नाशीच्या पुढे सरकते. घरात ४० ते ६० टक्के आर्द्रता असावी असं सांगतात. म्हणजे वाळलेल्या नाकाघशाचीही सोय झाली.

जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरा. आता तोच ओला तापमापक २८ वर अडतो. जास्तीत जास्त चार अंशांच्या गारव्यासाठी आपण जवळजवळ ओलीचिंब हवा घरात ढकलतो. घाम वाळत नाही, अंग चिकचिकतं, म्हणून आपण कूलर आणखी वाढवतो! पापड सादळतात, कपाटाला कुबट वास येतो, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते, गाद्यांमधल्या सूक्ष्म माइट किड्यांचं फावतं आणि दमेकऱ्यांचे हाल होतात. मुंबईकर कूलरच्या वाटेला का जात नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

एसीचं उलट आहे. विलिस कॅरिअरनं १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ते यंत्र आखलं ते दमट हवेनं कागद फुगून रंग सरकत होते म्हणून. माणसांना गार करायला नव्हे. पावसाळ्यात एसीचा ‘ड्राय मोड’ वापरावा तो याचसाठी. आर्द्रता शोषणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती सध्या जोरात आहेत, पण खिडक्या उघड्या ठेवून ती यंत्रं चालवणं म्हणजे निव्वळ वीजबिल.

ज्यांच्याकडे एसी नाही त्यांनी कूलरचा नुसता पंखा चालवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट लावावा. ओले कपडे झोपायच्या खोलीत तरी वाळत घालू नयेत. काही शेकड्यांत मिळणारा आर्द्रतामापक भिंतीवर टांगला की अंदाजपंचे कारभार थांबतो.

आणि पंप बंद केला म्हणजे टाकी तशीच सोडायची नाही. डेंगीचा एडिस डास पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या कडांना अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. कडा ब्रशनं खरवडून घासायच्या, ताट्या काढून उन्हात टाकायच्या. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात टाकी भरताच तीच अंडी फुटतील.