पिवळा धोतरा : ओळख, संभ्रम आणि बंदोबस्त

पावसाळा सरला की गायराने, पडीक माळ आणि रस्त्यांच्या कडा पिवळ्या धोतऱ्याने भरू लागतात. गुरे या काटेरी, कडू झुडपाला तोंड लावीत नाहीत. त्यामुळे अतिचराईने उघड्या पडलेल्या माळावर गवत हटते आणि हा फोफावतो. हिंदीत त्यास ‘सत्यानाशी’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

ओळख : पाने निळसर हिरवी, खोल कातरलेली, शिरांलगत पांढरट व कडांना काटे असलेली. फूल पिवळे, बोंड काटेरी. देठ मोडताच पिवळा चीक येतो. नावात ‘धोतरा’ असला तरी धत्तुराशी याचे नाते नाही. हा अफूच्या कुळातील आहे.

संभ्रम : पिवळ्या चिकामुळे यासच ‘स्वर्णक्षीरी’ मानण्याचा प्रघात पडला. तथापि आर्जिमोन मेक्सिकाना ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. प्राचीन संहितांतील स्वर्णक्षीरी ती असणे संभवत नाही. संहितोक्त योगात ही वनस्पती घालताना वैद्यांनी याचा विचार करावा.

धोका : याचे काळपट बी मोहरीसारखे दिसते, मात्र भिंगाखाली मोहरी बहुतांशी गुळगुळीत, तर हे जाळीदार व खडबडीत दिसते. त्यातील सँग्विनारिन केशवाहिन्यांस बाधते. पायांवर शोथ, श्वास, हृद्दौर्बल्य व काचबिंदू उद्भवतात. १९९८ साली दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलाने साठाहून अधिक बळी घेतले. दूषित तेलाच्या अभ्यंगानेही शोथ झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून सर्षपतैल केवळ बाह्योपचारासाठी आहे, या समजुतीवर औषधनिर्मात्यांनी विसंबू नये. तेलात समभाग तीव्र नत्राम्ल घालून हलविल्यावर आम्लाचा थर नारिंगी-तांबडा झाल्यास ते तेल बाजूस ठेवावे. अल्प भेसळ या परीक्षेत निसटते. यास्तव प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा.

बंदोबस्त : झाड वर्षायू असल्याने बी पडू न देणे हेच मर्म. फुलण्यापूर्वी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. बोंडे धरली असल्यास उपटलेली झाडे बांधावर टाकू नयेत. ती गोळा करून नष्ट करावीत. जमिनीतील बी वर्षानुवर्षे टिकते. एका हंगामात काम संपत नाही. चराई काही काळ थांबवून गवत वाढू दिल्यास त्याच्या दाट आच्छादनाखाली नवे रोप सहसा तग धरीत नाही.

वनौषधी गोळा करणाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना ही ओळख करून देणे आपल्याच हाती आहे. शोथाचा रुग्ण आला, त्यातही घरातील अनेकांना एकदमच शोथ असला, तर स्वयंपाकाचे व अभ्यंगाचे तेल कोणते, हा प्रश्न वैद्यांनी अवश्य विचारावा.