साडेपाच तासांचा घोळ

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवलं, की बहुतेकांची पहिली तक्रार घड्याळाची असते. लिनक्समध्ये वेळ बरोबर असते. मशीन बंद करून विंडोज सुरू केलं, की सकाळी अकराच्या उन्हात पडद्यावर पहाटेचे साडेपाच! विंडोजमध्ये वेळ दुरुस्त करावी, तर पुढच्या वेळी लिनक्स दुपारचे साडेचार दाखवतं.

बिघाड कशातच नसतो. मदरबोर्डवर सेलवर चालणारं एक छोटं घड्याळ असतं. ते आकडे मोजतं, पण ती वेळ कुठली याची नोंद ठेवत नाही. विंडोज डॉसच्या काळापासून तिला स्थानिक वेळ समजत आलं आहे. लिनक्स तिला जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी मानतं. भारत त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. लंडनमध्ये हिवाळ्यात दोन्ही वेळा एकच असल्यामुळे हा घोळ तिथे दिसतच नाही. टर्मिनलमध्ये एक आज्ञा देऊन लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावता येतं. उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करणाऱ्या देशांत हा उपाय त्रासदायक ठरतो, आपल्याकडे मात्र तो खुशाल करावा.

एकाच मशीनवर अशा दोन प्रणाली ठेवण्याला ड्युअल बूट म्हणतात. त्यातल्या जवळपास सगळ्या अडचणी याच जातीच्या असतात. दोन्ही प्रणाली एका वेळी चालत नाहीत. जी सुरू असते, ती पूर्ण मशीन आपलंच समजते.

जुन्या मशीनमध्ये भांडण डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरवरून होई. त्यातले जेमतेम ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी असत. लिनक्सनंतर विंडोज टाकलं, की ते तिथे आपला प्रोग्रॅम लिहून मोकळं होई आणि लिनक्सची वाट बंद! म्हणून आधी विंडोज, मग लिनक्स हा क्रम रूढ झाला. मशीन सुरू करण्याची यूईएफआय ही नवी पद्धत आल्यावर एका छोट्या पार्टिशनमध्ये दोघांना स्वतंत्र फोल्डर मिळाले. ग्रब नावाचा प्रोग्रॅम सुरुवातीला यादी दाखवतो, आपण निवडायचं.

तरीही कुरबुरी संपल्या नाहीत. २०१२च्या विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आलं. शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो. अशा अर्धवट झोपलेल्या पार्टिशनवर लिहिलं तर फायली खराब होऊ शकतात, म्हणून लिनक्स तिथे लिहायला नकार देतं. हा नकार शहाणपणाचा आहे. जबरदस्ती करण्यापेक्षा विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावं. ऑगस्ट २०२४मध्ये तर विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर काही ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरूच होईना. असुरक्षित ठरलेले जुने बूटलोडर, म्हणजे सुरुवातीचे प्रोग्रॅम, रोखण्यासाठी केलेली ती सोय होती. ड्युअल बूट मशीनना ती लागू होणार नव्हती, पण झाली.

एवढा खटाटोप करायचा कशाला? १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. घराघरांत असे धडधाकट लॅपटॉप आहेत, जे या अटीत बसत नाहीत. इंटरनेटचं काम लिनक्सवर करावं आणि हिशेबाच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरपुरतं विंडोज ठेवावं, ही वाटणी त्यांना अजून बरीच वर्षं कामात ठेवू शकते.

पार्टिशनला हात लावण्याआधी बॅकअप हवाच. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. बूटची व्यवस्था बदललेली दिसली, की विंडोज ती मागू शकतं आणि कीशिवाय त्या पार्टिशनमधले फोटो, कागदपत्रं उघडत नाहीत.